निवळलेलं पाणी

त्या गल्लीत एकच घर असं होतं, की जिथल्या भोपळ्याला साबणाचा फेस यायचा. भोपळा चिरला की सुरीच्या दोन्ही अंगांनी फुगे निघत आणि स्वयंपाकघरभर आळसावल्यासारखे तरंगत राहत. खोटं वाटत असेल तर शेजारच्या चष्मेवाल्याला विचारा. त्याने त्यातला एक फुगा अलगद धरून फ्रेममध्ये बसवला होता. पण गिऱ्हाईकाला त्यातून उद्याचं दिसायला लागलं, आणि उद्याचं पाहून कोणी खूश होत नाही, म्हणून त्याने तो परत काढून ठेवला.

घर घड्याळजींचं. दुकान मिटून बरीच वर्षं झाली होती, पण उजव्या डोळ्याला भिंग लावायची सवय काही सुटली नव्हती. भाजी निवडताना भिंग, पेपर वाचताना भिंग, बायको रुसली की तिच्या कपाळावरची आठी मोजायलाही भिंग. आणि तोंडात एकच वाक्य: "राहू दे, निवळेल."

हे वाक्य त्यांना धंद्याने दिलं होतं. घड्याळ खोललं की त्याची चक्रं, स्प्रिंगा, बारीक मळसूत्रं सगळं वाटीभर पेट्रोलमध्ये बुडवायचं, ब्रशने घासायचं. पेट्रोल काळं होतं. अडाणी माणूस ते ओतून देतो. घड्याळजी झाकून ठेवत. सकाळी पाहावं तर काळं सगळं तळाशी आणि वर पेट्रोल कसं, आरशासारखं. वरचं हलक्या हाताने ओतून घ्यायचं की पुन्हा कामाला तयार. एकच बाटली त्यांनी उभ्या जन्मात पुरवली, आणि दुकान बंद केलं त्या दिवशी ती होती त्यापेक्षा थोडी जास्तच भरली, असं ते शपथेवर सांगत.

मग नळाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं. आलेलं पाणीही असं बारीक, की नळातून धार पडतेय की नळ नुसता आठवण काढतोय, ते कळेना. घड्याळजी न्हाणीघराच्या मोरीकडे बघत बसत. अंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं, सगळं पाणी गुळगुळ करत गटारात जातं, आणि परसातले वाफे तोंड वासून बसलेले. एवढ्या वर्षांत त्यांनी काहीच ओतून दिलं नव्हतं. पाणीच का द्यावं?

त्यांनी मोरीला नळी जोडली, नळीच्या दुसऱ्या टोकाला परसात एक भलं मोठं निळं पिंप बसवलं, त्यावर झाकण. तळापासून हातभर वर तोटी, म्हणजे गाळ तळाशी राहावा आणि निवळलेलं तेवढं बाहेर यावं. तोटीपुढे फवारा. फवाऱ्याची भोकं घड्याळाच्या ड्रिलने पाडलेली, इतकी बारीक, की पाणी पडायचं नाही, धुकं व्हायचं. आणि तोटी उघडायला माणूस नको म्हणून एक जुनं गजराचं घड्याळ. चार वाजले की गजर, गजराबरोबर खटका, खटक्याबरोबर तोटी, आणि सगळ्या परसावर मोगऱ्याच्या साबणाचा वास असलेलं धुकं उतरायचं.

बाग अशी माजली, की विचारू नका. पालकाचं एकेक पान उशीच्या अभ्र्याएवढं. घेवड्याचा वेल चष्मेवाल्याच्या गच्चीवर चढला, तिथे वाळत टाकलेला सदरा त्याने अंगात घातला आणि बाह्या दुमडल्या. फुलपाखरं फुलावर बसली की घसरत. अळ्या अंघोळ करून, भांग पाडून मगच पानावर येत. तिसऱ्या प्रहरी, सगळं घर पेंगत असताना, पिंपाच्या पोटातून बुडबुड ऐकू यायची, आणि घड्याळजींना वाटायचं, पाणी निवळतंय. पेट्रोलमधला गाळ असाच खाली बसायचा, फक्त तो बोलायचा नाही.

ह्या बागेची खरी मालकीण त्यांची बायको. तिला सकाळी उठल्यावर पाल्यात चरायची सवय. कोथिंबिरीची काडी, पुदिन्याचं पान, कोवळा मुळ्याचा पाला, जे हाताला लागेल ते खुडायचं, पदराला पुसायचं आणि तोंडात टाकायचं. घड्याळजी तिला शेळी म्हणत. ती म्हणे, शेळी तरी बरी, दूध देते. घुबडासारखा एक डोळा वटारून बसणाऱ्याने बोलू नये.

अशात लेक आली, आठ महिन्यांच्या मुलीला घेऊन. तिच्या घराचं छत दुरुस्तीला काढलं होतं, ते होईपर्यंत मुक्काम इथेच. ती पोरगी आल्यापासून घराला कोणी चावी दिल्यासारखं झालं, म्हणून घड्याळजींनी तिचं नाव किल्ली ठेवलं. किल्ली नुकती बसायला लागली होती. जगात जे जे आहे ते तोंडात घालून पाहायचं, एवढा एकच कार्यक्रम तिने हाती घेतला होता.

किल्लीबरोबर लंगोट आले. लंगोट न्हाणीघरात धुतले जात, आणि पाणी नळीतून पिंपात. बायकोने एकदा विचारलं की अहो, हेही पाणी त्यातच का? घड्याळजी झाकण उघडून दाखवायला गेले. वरचं पाणी खरंच स्वच्छ होतं. त्यांनी बोटावर थेंब घेतला, भिंगाखाली धरला. काही नाही. काचेसारखा थेंब. "राहू दे, निवळेल," ते म्हणाले, आणि तोटी निम्मी आवळली. पिंपात चार दिवस राहणारं पाणी आठ दिवस राहू लागलं, कारण जितकं जास्त राहील तितकं जास्त निवळेल, हा साधा हिशोब.

मग बायको आजारी पडली. आधी पोटात कळा, मग जुलाब, मग ताप. पहिल्या दिवशी घड्याळजी म्हणाले, राहू दे, निवळेल. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणाले, पण जरा हळू आवाजात. अंगात ताकद यावी म्हणून त्यांनी स्वतः परसात जाऊन कोवळा कोवळा पालक खुडला, तिच्या उशाशी बसून एकेक पान भरवलं. तिने ते नवऱ्याचं मन राखायला खाल्लं. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे खोल गेले, ओठ कागदासारखे झाले, आणि जुलाबात रक्त दिसलं. लेकीने वडिलांना एका शब्दाने विचारलं नाही. तिने रिक्षा बोलावली.

दवाखाना छोटा, दोन खाटांचा. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, हाताला सुई लावली, वर सलाईनची बाटली टांगली, रक्ताचे आणि शौचाचे नमुने पाठवले. लेक कडेवरच्या किल्लीला दूध पाजायला घरी घेऊन गेली, घड्याळजी थांबले. बाई कागदावर लिहीत होत्या. कच्चं काय खाणं होतं, त्यांनी विचारलं. घड्याळजींनी जरा ऐटीतच बागेचं सांगितलं. पाणी कुठलं घालता, त्यांनी विचारलं. मग काय, घड्याळजींनी सगळं सांगितलं: नळी, पिंप, तोटी, गजर, पेट्रोलची बाटली. लंगोटाचं सांगेपर्यंत बाईंचं पेन थांबलं होतं.

"काका," त्या म्हणाल्या, "घाण तळाशी बसते हे बरोबर. पण बसली म्हणजे मेली असं नाही. पेट्रोलमध्ये काही जगत नाही. तुमच्या पिंपात जगतं, आणि जेवढे दिवस ठेवाल तेवढं वाढतं."

घड्याळजी म्हणाले, मी भिंगातून पाहिलंय. बाई म्हणाल्या, तुमच्या भिंगातून दिसलं असतं तर मला शिकावं लागलं नसतं. मग ते लहान मूल बागेत जातं का, असं विचारून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या. घड्याळजींनी मान हलवली, पण पटलं काहीच नव्हतं. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टर लोकांना कशालाही नावं ठेवायची सवय असते, असं मनात म्हणत ते खाटेशेजारच्या स्टुलावर बसले.

दुपार कलत होती. पंखा वर फिरत होता, पण वारा देण्याइतका नाही. बायको डोळे मिटून पडली होती. बाटलीखालच्या छोट्या नळकांड्यात थेंब पडत होता, थांबत होता, पडत होता. त्या चालीत काहीतरी ओळखीचं होतं. हातातलं घड्याळ दुरुस्त झालं की असंच चालू लागायचं. घड्याळजींनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं आणि थेंबाकडे पाहू लागले. थेंब फुगला, लांबला, तोंडाशी आला. ते आणखी पुढे वाकले. आणि पाय घसरून ते त्यात पडले.

थेंबाच्या आत निळा उजेड होता. झाकणाच्या कडेतून येतो तसा. घड्याळजींनी ओळखलं, हे आपलंच पिंप. पण पिंप म्हणजे केवढं! खाली उतरायला जिने होते, साबणाच्या वड्यांचे, पायाखाली गुळगुळीत. कोमट हवा. भिंतीवरून तुळतुळीत शेवाळ झुलत होतं, पडद्यासारखं. वाटेत त्यांना स्वतःच्या पाठीवरचा मळ भेटला, बायकोच्या केसांचं तेल भेटलं, ताटांमधलं उष्टं भेटलं. सगळे ओळखीचे, सगळे नमस्कार करणारे. आणि तळाशी पोचले तर तिथे गाळ नव्हताच. तिथे शहर होतं.

दिव्यांनी फुललेलं शहर. गल्ल्यांत खेटून खेटून माणसं, म्हणजे माणसांसारखी काहीतरी, इवलीशी, गोल, लांबोडकी, शेपटीची, सगळी हसरी, सगळी घाईत. घड्याळजी बघत होते तोवर एकाच्या जागी दोघं उभे राहत, दोघांच्या जागी चौघं, आणि चौघं आधीच्या दोघांना ओळखही न दाखवता पुढे चालू लागत. ह्यातले बरेच किल्लीच्या लंगोटातून आले होते. ते तसं अभिमानाने सांगत होते, जसे काही लोक आपलं मूळ गाव सांगतात.

घड्याळजींना बघताच रस्ता मोकळा झाला. त्यांच्यातला एक पुढारी, पोट सुटलेला, हात जोडून पुढे आला.

"यजमान आले," तो म्हणाला. "उबदार जागा दिलीत, खायला दिलंत, वर झाकण दिलंत. पण सगळ्यात मोठं म्हणजे, घड्याळजी, तुम्ही आम्हाला वेळ दिलात. इतर लोक तो देत नाहीत हो. लगेच ओतून टाकतात."

घड्याळजी म्हणाले, मी तर तुम्हाला निवळायला ठेवलं होतं. सगळं शहर खुदकन हसलं. त्या हसण्याचे बुडबुडे वर चढले, आणि घड्याळजींना एकदम कळलं की रोज तिसऱ्या प्रहरी आपण ऐकत होतो ते काय होतं.

पुढारी अदबीने म्हणाला, की तुमच्या घरच्या बाईंकडचा पाहुणचार झाला, फार चांगल्या आहेत बाई, पण आता थकल्यात. धुक्याच्या गाडीत बसून आमची पुढची तुकडी निघायची आहे. चारची गाडी ना? तिकडे पालकाच्या वाफ्याशी कोणी छोटी बसते म्हणे, सगळं तोंडात घालते. तिच्याकडे किती दिवस राहता येईल?

घड्याळजींनी तोंड उघडलं, पण आवाजाऐवजी फुगा निघाला.

ते दचकून उठले. भिंग मांडीवर पडलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजायला थोडाच अवकाश होता. त्यांनी लेकीला फोन लावला. फोन वाजत राहिला; किल्ली झोपावी म्हणून लेक तो नेहमी मुका करून ठेवायची. पुन्हा लावला. पुन्हा तेच. घड्याळजी उठून उभे राहिले, खाटेकडे पाहिलं, परत बसले. बायकोला असं सोडून कसं जायचं? थोडं थांबावं. लेक बघेल फोन. कदाचित आज परसात बसलीच नसेल.

बायकोने डोळे उघडले. नवरा काय करतोय हे तिला इतक्या वर्षांनंतर भिंगाशिवाय दिसायचं.

"बाई बोलत होत्या ते मी ऐकलंय सगळं," ती म्हणाली. आवाज धाग्यासारखा होता. "मी काही कुठे जात नाही. तुम्ही किल्लीकडे जा. आणि अहो, ह्या वेळी राहू देऊ नका."

आता ह्यापुढचं ज्याला खरं मानायचं त्याने मानावं. घड्याळजी धावले. गुडघे त्यांचे असे, की चालतानाही कुरकुर करत, पण धावले. बाजाराच्या चौकात घड्याळाचा मनोरा आहे. त्या घड्याळाला घड्याळजींनी तरुणपणापासून तेल पाजलं होतं, त्याच्या काट्यांवर बसणाऱ्या कबुतरांना हाकललं होतं, एकदा त्याचा लंबक आजारी पडला तेव्हा रात्र रात्र उशाशी बसले होते. ते म्हातारं घड्याळ चार वाजवायला हात उचलत होतं. खाली बघतं तर घड्याळजी, चप्पल एका पायात, सदऱ्याची बटणं उघडी. घड्याळाने उचललेला हात तसाच धरून ठेवला.

आणि मोठं घड्याळ थांबलं म्हटल्यावर धाकट्यांची काय बिशाद. गल्लीतली सगळी घड्याळं कधी ना कधी त्यांच्याच वाटीत अंघोळ केलेली. शाळेचं थांबलं, बेकरीचं थांबलं, चष्मेवाल्याच्या मनगटावरचं थांबलं. बेकरीवाल्याचा पाव भट्टीच्या तोंडाशी लोंबकळत राहिला. चहावाल्याने उंचावरून ओतलेली धार हवेतच उभी राहिली, आणि घड्याळजी तिच्याखालून वाकून निघून गेले.

घरी परसात लेक वाळलेले कपडे काढत होती. वाफ्याच्या कडेला चटईवर किल्ली बसली होती. तिच्या दोन्ही मुठींत एक पालकाचं पान, तिच्यापेक्षा मोठं, आणि पानाचा शेंडा ओठांपाशी. गजराचं घड्याळ खटक्यावर दात टेकवून, श्वास रोखून उभं होतं.

घड्याळजींनी आधी पान काढून घेतलं. मग गजराची चावी उलटी फिरवली. तेव्हा कुठे मनोऱ्याने चार ठोके दिले, एकामागोमाग, दमल्यासारखे. किल्लीने आपलं पान गेल्याचं ध्यानात आल्यावर असं भोकाड पसरलं की घेवड्याच्या वेलाने चष्मेवाल्याचा सदरा काढून परत दोरीवर टाकला.

लेकीने पोरीचे हात साबणाने धुतले, मग वडिलांकडे पाहिलं. घड्याळजी पिंपासमोर उभे होते. झाकण उघडलं होतं. वरचं पाणी आरशासारखं, त्यात त्यांचा चेहरा, आणि चेहऱ्यामागे आभाळ. इतकं सुंदर निवळलेलं पाणी टाकून द्यायचं म्हणजे त्यांचा हात पुढे होईना. आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी ओतून द्यायचं होतं. लेक जवळ आली, पिंपाला खांदा लावून म्हणाली, "बाबा, मी धरते, तुम्ही ढकला."

नळीचं तोंड गटाराकडे वळवून त्यांनी पिंप हळूहळू कलतं केलं. आधी आरसा गेला. मग तळ आला, आणि त्याबरोबर असा वास आला, की अंघोळ केलेल्या अळ्यासुद्धा नाकाला शेपूट लावून पळाल्या. घड्याळजींना त्या वासात क्षणभर पुष्कळ दिवे विझताना दिसले. त्यांनी तोंड फिरवलं नाही. ढकलत राहिले.

बायकोच्या नमुन्यात जे निघालं, त्याचं नाव डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. नाव लांबलचक होतं, पण ते कुठून आलं हे सांगायला त्यांना एक वाक्य पुरलं. औषध लागू पडलं. ताप उतरला, मीठ-साखरेचं पाणी पोटात ठरायला लागलं, आणि एके सकाळी ती नवऱ्याला म्हणाली, तोंडाला चव नाही, थोडी कोथिंबीर असती तर. घड्याळजींच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांच्या लक्षात आलं, की ती थट्टा करते आहे. ती थट्टा करते आहे म्हणजे बरी होते आहे. ते स्टुलावर बसून लहान मुलासारखे रडले, आणि नर्सने विचारल्यावर डोळ्यात भिंग गेलं म्हणाले.

ती घरी आली तेव्हा परस ओळखू येत नव्हतं. पाल्याचे वाफे उपटून माती उन्हाला दिलेली. पिंप पालथं घालून ठेवलेलं. लंगोटाचं आणि भांड्यांचं पाणी सरळ गटाराला जात होतं. राहिलेलं, अंघोळीचं तेवढं, नळीतून लिंबाच्या मुळाशी खणलेल्या चरात, वर पालापाचोळा घातलेला, म्हणजे पाणी ना उडतं ना कोणाच्या हाताला लागतं. पिंप मध्ये कुठेच नव्हतं. आजचं पाणी आज. कोपऱ्यात एका छोट्या वाफ्यात कोथिंबीर नव्याने उगवली होती. तिला नळाचं पाणी, तांब्याने, आणि ते वाचवण्यासाठी घड्याळजी आता अर्ध्या बादलीत अंघोळ करत. तरी त्यांचे कान नेहमी ओले असत, हे एक कोडंच.

बायको पालथ्या पिंपावर बसली. किल्ली तिच्या मांडीवर. घड्याळजींनी एक काडी खुडली, पिण्याच्या पाण्याने तीनदा धुतली आणि तिच्या हातात दिली. तिने ती तोंडात घातली नाही. नवऱ्यासमोर हात केला. त्यांना कळेना. मग त्यांनी डोळ्याचं भिंग काढून तिला दिलं.

तिने ते लावून काडीकडे बराच वेळ पाहिलं. देठ, पानं, पानांच्या शिरा, शिरांवरचा एक थेंब.

"काही दिसत नाही," ती म्हणाली.

घड्याळजी काही बोलणार होते. ते वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं होतं, नेहमीचं, इतक्या वर्षांचं. त्यांनी ते गिळलं.

"दे इकडे," ते म्हणाले, "उकळत्या पाण्यात टाकून आणतो."

आणि ते उठले, लगेच.